इजेन आणि ब्रोमो करायचंय? मग चढायच्या आधीची तयारी या क्रमाने करा

बालीला जाणारे बरेच जण हल्ली समुद्र ओलांडून पूर्व जावातला इजेन ज्वालामुखी पण करून येतात. निळी आग (पेटलेल्या गंधकी वायूंची ज्योत) आणि हिरवट निळं तळं रीलमध्ये बघितलेलं असतं, हॉटेलवाला म्हणतो रात्री गाडी येईल आणि दुपारपर्यंत परत सोडेल, आणि लोक निघतात. मग दिवसभर बीचवर फिरून दमलेले, अंगात पातळ जॅकेट, तोंडाला सर्जिकल मास्क, अशा अवस्थेत अर्ध्या वाटेवरून खोकत परत येतात किंवा वर पोचून काहीच न बघता उतरतात. चढ अवघड नाहीये हो, राजगड-तोरणा करणाऱ्याला तो सहज जमतो. अवघड आहे तो वायू, न झालेली झोप आणि चुकलेली वेळ. म्हणून खाली चढायच्या आधीचंच जास्त लिहिलंय.

१. कुठला डोंगर आधी, ते ठरवा

इंडोनेशियातले सगळे ज्वालामुखी एका मापाचे नाहीत. कधीच रात्रीची चढाई केली नसेल तर आधी बालीतला बातूर (१,७१७ मीटर) करा, स्थानिक गाइडबरोबर दोनेक तासांत माथा येतो आणि ज्या कॅल्डेरात (ज्वालामुखी खचून झालेल्या मोठ्या खोलगटात) हा डोंगर उभा आहे, त्यातलं मोठं तळं वरून दिसतं. मग पूर्व जावातलाच ब्रोमो (२,३२९ मीटर), तिथे चालणं कमी आणि थंडी-धूळ जास्त. इजेन त्याच्यानंतर, कारण तिथे मास्क लावून चालायचं असतं. लोंबोक बेटावरचा रिंजानी (३,७२६ मीटर) म्हणजे दोन-तीन दिवसांचा खरा ट्रेक, तंबू, परमिट, निसरडी राख, पावसाळ्यात बंद. "बालीच्या शेजारीच आहे ना" म्हणून तो शेवटच्या दिवसात कोंबू नका.

आई-बाबा सोबत असतील तर फ्लोरेस बेटावरच्या केलिमुतूचा विचार करा. एकाच डोंगरावर तीन तळी, तिन्हींचे रंग वेगळे आणि तेही बदलत राहतात, गाडी बऱ्यापैकी वर जाते आणि उरलेलं चालणं थोडंच आहे.

आपल्याकडे "लोणारसारखंच असेल" असा एक समज असतो. लोणार उल्कापाताने झालंय आणि त्याचं पाणी क्षारयुक्त आहे. इजेनचं तळं म्हणजे ज्वालामुखीचे वायू विरघळून झालेलं आम्ल, पीएच १ च्याही खाली, आणि या प्रकारच्या तळ्यांमध्ये ते जगातलं सगळ्यात मोठं. त्यात हात घालायचा नाही, बूट बुडवायचा नाही, बाटली भरून आणायची नाही.

२. महिना आणि तारीख

एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, वाट निसरडी, आणि वर ढग असले की तळं दिसतच नाही. जुलै-ऑगस्टला आकाश चांगलं असतं पण थंडी पण तेव्हाच जास्त, ब्रोमोच्या आसपास काही पहाटे गवतावर चक्क दवाचा बर्फ होतो. रमझान ईदची सुट्टी, १७ ऑगस्टचा त्यांचा स्वातंत्र्यदिन आणि लांब वीकेंड टाळा, जमलं तर मंगळवार-बुधवार पकडा.

⚠ बालीतून जाणार असाल तर न्येपीची, म्हणजे बालीतल्या हिंदूंच्या मौनाच्या नववर्षाची, तारीख बघून घ्या. बहुतेक मार्चमध्ये येतो, त्या दिवशी २४ तास बालीचा एअरपोर्ट बंद, फेरी बंद, रस्त्यावर फिरायला पण बंदी.

३. डोंगर आज कसा आहे, हे सरकारी ठिकाणी बघा

ही पायरी लोक सरळ गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. इंडोनेशियाची ज्वालामुखी यंत्रणा प्रत्येक डोंगराला चार पातळ्यांपैकी एक देते: १ नॉर्मल, २ वास्पादा (सावध), ३ सियागा (सज्ज), ४ आवास (धोका). 'मॅग्मा इंडोनेशिया' या त्यांच्या सरकारी साइटवर आणि अ‍ॅपवर हे फुकट दिसतं. पातळीसोबत मुखापासून किती अंतर लांब राहायचं तेही लिहिलेलं असतं, नुसता आकडा बघून साइट बंद करू नका, ती ओळ वाचा.

पातळी २ म्हणजे "थोडंसंच काहीतरी" असं समजू नका. ३ डिसेंबर २०२३ ला सुमात्रातला मारापी फुटला तेव्हा तो पातळी २ वरच होता, मुखापासून ३ किलोमीटर लांब राहा असा सल्ला होता, तरी पंचाहत्तर गिर्यारोहक डोंगरावर होते आणि त्यातले वीसहून जास्त दगावले. एजंट सांगेल की सगळे जातायत. सगळे तिथेही गेले होते.

आणि दुसरी बाजू म्हणजे पातळी नॉर्मल असली तरी वायूची हमी कोणी देत नाही. मार्च २०१८ मध्ये इजेनच्या विवरातून अचानक विषारी वायू बाहेर पडला, खालच्या गावातल्या माणसांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, शेकडो लोक हलवले.

✔ तपासा: बुकिंगच्या आधी एकदा, आदल्या दिवशी एकदा, निघायच्या संध्याकाळी एकदा. तिन्ही वेळा. रद्द केल्यावर पैसे परत मिळतात का, हे बुकिंग करतानाच लेखी घ्या म्हणजे निर्णय पैशावर अडकत नाही.

४. कागदपत्रं

भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, ३० दिवसांचा, ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन, आपले रुपये नव्हे), आधीच ऑनलाइन काढला तर रांग वाचते. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या वर हवी आणि परतीचं तिकीट जवळ हवं.

इजेनसाठी हल्ली तब्येतीचा दाखला मागतात. इजेनजवळच्या बान्युवांगी शहरात आणि वाटेवरच्या गावात क्लिनिकवाले बीपी बघून थोडक्या पैशात देतात, गाइड बहुतेक वेळा स्वतःच घेऊन जातो. पण तुम्ही मध्यरात्रीच्या गाडीत असाल तर ते गडबडीत होतं आणि तपासणी नावालाच उरते, म्हणून आदल्या संध्याकाळीच करून घ्या. प्रवेशाचं तिकीट ऑनलाइन असतं आणि नाव-पासपोर्ट नंबर लागतो, तेव्हा गाइडला पासपोर्टचा फोटो आधीच पाठवा. मधूनच एखाद्या दिवशी डोंगर बंद ठेवतात, ती तारीख पण त्याच वेळी विचारून घ्या.

ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय म्हणून निर्धास्त राहू नका. पॉलिसीत ट्रेकिंगला उंचीची मर्यादा आहे का, ज्वालामुखी किंवा "धोकादायक खेळ" वगळलेत का, भाड्याच्या स्कूटरचा अपघात धरलाय का, या तीन ओळी शोधून वाचा.

५. कोणी जायचं नाही

दमा असलेल्यांनी इजेनच्या विवराच्या वरच्या कड्यावरसुद्धा जाऊ नये. पंप खिशात आहे म्हणून नाही चालत, कारण सल्फर डायऑक्साइड नेमका दम्याच्याच श्वासनलिका आवळतो. गरोदर बायका, हृदयाचा त्रास असलेले, नुकताच सर्दी-खोकला झालेले, लहान मुलं, यांनी पण नाही. घरातल्या एकामुळे सगळ्यांचं राहतंय असं वाटत असेल तर सोपं आहे, तो माणूस बान्युवांगीच्या हॉटेलात झोपतो आणि बाकीचे सकाळी नऊ-दहाला परत येतात. कोणाला "चल रे, काही होत नाही" असा आग्रह करू नका.

६. मास्क: सगळ्यात जास्त चूक इथेच होते

सर्जिकल मास्क, कापडी मास्क, एन-९५, यातला एकही वायू अडवत नाही. एन-९५ धूळ आणि राख अडवतो, म्हणून तो ब्रोमोला कामाचा. इजेनला आम्ल वायूंसाठीचा कार्ट्रिज (वायू गाळणारा डबा) लावलेला रबरी मास्क लागतो. युरोपीय पद्धतीच्या कार्ट्रिजवर पिवळा पट्टा आणि 'ई' अक्षर असतं, ते सल्फर डायऑक्साइडसाठी. बहुतेक गाइड मास्क देतात, पण तो कितव्यांदा वापरलाय हे कोणी सांगत नाही. रोज त्याच धुरात जाऊन कार्ट्रिज संपलेला असू शकतो, म्हणून मास्क त्यांचा घेतला तरी कार्ट्रिज नवा, सीलबंद मागा, किंवा सरळ मुंबई-पुण्यात सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानातून स्वतःचा घेऊन जा.

आता क्रम:

पट्टे सैल करून मास्क आधी हनुवटीवर बसवा, मग नाकावर, मग डोक्यामागचे पट्टे ओढा. दोन्ही तळव्यांनी कार्ट्रिजची तोंडं झाका आणि हळू श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून आत खेचला गेला पाहिजे. कडेने हवा शिरली तर पट्टा परत लावा. हे हॉटेलात, उजेडात करा, अंधारात धुराच्या तोंडावर नाही.

⚠ दाढी असेल तर मास्क बसत नाही. गालाच्या केसांमधून वायू आत येतो आणि माणूस मात्र मास्क लावलाय या भरवशावर पुढे जात राहतो. त्या दोन दिवसांपुरती दाढी काढा, नाहीतर वरच्या कड्यावरूनच बघा.

कॉन्टॅक्ट लेन्स नको. चष्मा घाला आणि वरून कडेने बंद असलेला गॉगल असेल तर फार बरं, कारण धूर वळला की आधी डोळे जातात. चांदीच्या अंगठ्या-जोडवी हॉटेलात काढून ठेवा, काळी पडतात.

वासाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच थांबतं. म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असं नाही. घशात जळजळ आणि खोकला येतो तो सल्फर डायऑक्साइडमुळे. तिसरा, कार्बन डायऑक्साइड, त्याला वास नाही, तो हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्यात साचतो. जावातल्याच दिएंग पठारावर १९७९ मध्ये या वायूने शंभराहून जास्त गावकरी मेले. त्यामुळे वारा लागतोय म्हणून आडोशाला खोलगट जागा शोधून बसणं एकदम चूक. आणि कार्ट्रिज कार्बन डायऑक्साइड अडवत नाही, हे पण.

७. बाकीचं सामान

कोरडा राहणारा टीशर्ट, मधे फ्लीस, वरून वारा अडवणारं जॅकेट. वर रात्री तापमान एक आकडी होतं, चढताना घाम येतो आणि थांबलं की थंडी वाजते. कॉटनची जीन्स नको. हेडलॅम्प हवाच, मोबाइलचा टॉर्च नाही, कारण हात मोकळे पाहिजेत. पकड असलेले बूट, हातमोजे, उतरायला काठी, माणशी दीड लिटर पाणी, रोख रुपिया. कपडे जुनेच घाला, गंधकाचा वास दोन-तीन धुण्यांनीही जात नाही.

शाकाहारी असाल तर खाणं सोबत घ्या. तिकडे भाताला किंवा चटणीला कोळंबीची पेस्ट असते आणि पापडसुद्धा बरेचदा कोळंबीचे. चिक्की, खाकरा, दाणे, खजूर बॅगेत टाका. टेम्पे आणि टोफू मात्र सगळीकडे मिळतं आणि छान असतं.

८. झोप, गाडी आणि घड्याळ

बालीतून रात्री निघून दुसऱ्या दुपारी परत, हे पॅकेज सगळ्यात जास्त खपतं आणि मला ते अजिबात पटत नाही. उबुद किंवा कुटावरून गिलिमानुक बंदर गाठायलाच चार तासांच्या आसपास, मग फेरी पाऊण-एक तास, मग जावाकडच्या केतापांग बंदरापासून पालतुडिंगपर्यंत (इजेनची चढाई सुरू होते ती जागा) तास-दीड तास. झोप शून्य, आणि त्याच शरीराने खड्या चढावर मास्क लावून चालायचं. ड्रायव्हरची झोप पण मोजा, परतीला तोच गाडी चालवणार असतो.

याच्याऐवजी असं करा. दुपारी फेरीने बान्युवांगी गाठा, किंवा सुराबायाहून ट्रेनने केतापांग स्टेशनला उतरा. इजेनच्या वाटेवरच्या लिचिन भागात होमस्टे घ्या, पाच वाजता जेवा, सहा-साडेसहाला झोपा, साडेबाराला उठा. गेट सहसा दोनच्या सुमारास उघडतं, वेळ बदलत असते म्हणून होमस्टेवाल्याला त्या दिवशीची विचारा.

⚠ बाली आणि जावाच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे. जावा बालीच्या एक तास मागे, आणि भारताच्या दीड तास पुढे. मोबाइल किनाऱ्याजवळ कधी इकडचा टॉवर पकडतो कधी तिकडचा, म्हणून अलार्म लावताना गाइडचं घड्याळ बघा. एक तास उशिरा उठलात तर निळी आग गेली, लवकर उठलात तर थंडीत गेटवर कुडकुडत बसा.

९. चढ

पालतुडिंग साधारण १,८५० मीटरवर आहे, म्हणजे सुरुवातच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. तिथून कड्यापर्यंत तीन किलोमीटर, दीड ते दोन तास. पहिले दोन किलोमीटर खडे आहेत, वाट रुंद पण भुसभुशीत, शेवटचा टप्पा जवळपास सपाट. गेट उघडल्यावर सगळे पळत सुटतात, तुम्ही पळू नका. बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. मास्क गळ्यात ठेवा, चढताना घट्ट लावला तर दम लागतो. वास आला की लावायचा.

वाटेत ढकलगाडीवाले विचारत राहतात, बसा म्हणून. ही माणसं बरेचदा आधी गंधक वाहणारेच असतात. खरंच पाय गेले असतील तर बसा, ठरलेले पैसे आधी बोला आणि खाली-वर दोन्हीचे का एकाचेच ते विचारा. नुसती गंमत म्हणून नको.

✔ कड्यावर पोचल्यावर तपासा: डोकं दुखतंय? मळमळतंय? छातीत आवळतंय? यातलं एकही असेल तर पुढची पायरी तुमच्यासाठी नाही, इथूनच परत.

१०. विवरात उतरायचं का?

निळी आग म्हणजे लाव्हा नाही. खडकाच्या फटीतून तापलेले गंधकाचे वायू बाहेर येतात, हवा लागली की पेटतात, ६०० अंशांपर्यंत तापमान असतं आणि ज्योत निळी दिसते. ती फक्त अंधारात दिसते, आणि रोज सारखी नसते. कधी भरपूर, कधी शेगडीएवढी. रीलमधली निळी नदी बहुतेक वेळा लांब एक्सपोजरच्या कॅमेऱ्याची कमाल असते हे आधीच माहीत असलेलं बरं.

कड्यावरून खाली अर्ध्या-पाऊण तासाची दगडी, अरुंद उतरण आहे. तिथे न उतरण्याबद्दलचे बोर्ड दिसतात, कधी उतरण बंदच ठेवतात. बंद असेल तर विषय संपला, शंभर-दोनशे हजार रुपिया देऊन "दुसऱ्या वाटेने" नेणाऱ्याच्या नादी लागू नका. चालू असेल तर वारा बघा. धूर तळ्याकडे जात असेल तर गाइडबरोबर उतरता येतं. धूर वाटेवर येत असेल किंवा दर पाच मिनिटाला दिशा बदलत असेल तर उतरू नका. ढग अंगावर आलाच तर पळायचं नाही, धावल्याने श्वास वाढतो आणि पाय घसरतो, मास्क दाबून धरा, डोळे मिटा, वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला थांबा, विरला की वर चला.

त्या वाटेवर गंधक काढणारे कामगार सत्तर-ऐंशी किलोच्या टोपल्या खांद्यावर घेऊन वर येत असतात. त्यांना वाट द्यायची, नेहमी डोंगराच्या बाजूला सरकून, दरीच्या नाही. त्यांच्या तोंडावर फ्लॅश मारू नका, फोटो हवा तर विचारा. आपण बघायला आलोय, ते पोटासाठी आलेत.

११. उजेड झाल्यावर

बरेच जण निळी आग बघून लगेच उतरतात आणि खरी गोष्ट सोडून येतात. तळ्याचा रंग सूर्य वर आल्यावर, उजेड विवरात शिरल्यावर खुलतो, त्यासाठी सकाळी सहा-सात पर्यंत कड्यावर थांबा. माझं मत विचाराल तर आगीपेक्षा तळंच बघण्यासारखं आहे, आणि त्यासाठी विवरात उतरावं लागत नाही.

⚠ कडा भुसभुशीत आहे. एप्रिल २०२४ मध्ये एक पर्यटक बाई फोटोसाठी मागे सरकताना लांब ड्रेसमध्ये पाय अडकून इथूनच खाली पडून दगावली. लांब घोळाचे ड्रेस, साड्या, वाकलेल्या झाडावर चढणं, पाठ दरीकडे करून मागे जाणं, काही नको.

उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, काठी पुढे. भाड्याची स्कूटर घेऊन आला असाल तर लिचिनकडचा उतार फार खडा आहे, ऑटोमॅटिक स्कूटरला इंजिनचा ब्रेक जवळजवळ नसतो आणि सतत दाबून ब्रेक तापतात. मधेमधे थांबून गार होऊ द्या. खरं तर रात्रभर जागलेल्या माणसाने ती चालवूच नये.

१२. ब्रोमो जोडायचा असेल तर

ब्रोमो आणि इजेन मधे सहा-सात तासांची गाडी आहे. लागोपाठ दोन रात्री केलात तर दुसऱ्या दिवशी काहीच डोक्यात शिरत नाही, मधे एक पूर्ण रात्र झोपेची ठेवा. आधी ब्रोमो, मग इजेन, मग फेरीने बाली, असा क्रम सोयीचा पडतो.

ब्रोमोजवळच्या चेमोरो लावांग गावात मुक्काम, पहाटे जीपने पेनांजाकानला (२,७७० मीटर) सूर्योदय, मग वाळूचा समुद्र (ब्रोमोभोवतीचं वाळू-राखेचं मैदान) ओलांडून अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढून मुखाच्या कडेला. इथे एन-९५ आणि गॉगल घाला, घोड्यांच्या टापांनी राख उडते. वरचा कठडा सगळीकडे नाही, जिथे तो संपतो तिथे तुम्ही पण थांबा. प्रीवेडिंग शूट करणाऱ्यांसाठी खास: धुराच्या नळकांड्या, फटाके काही नेऊ नका. सप्टेंबर २०२३ मध्ये तशाच एका शूटच्या फ्लेअरने तिथलं गवताळ रान पेटलं आणि पार्क बंद करावा लागला. तिथल्या स्थानिक तेंगर लोकांसाठी ब्रोमो देवाचं ठिकाण आहे, कसाडा सणाला ते मुखात भाजी-धान्य-कोंबड्या अर्पण करतात, त्या दिवसांत गेलात तर मागे उभं राहून बघा.

१३. परतल्यावर

अंघोळ करा, डोळे साध्या पाण्याने धुवा, कपडे वेगळ्या पिशवीत भरा. कामगार गंधकाची छोटी कासवं, फुलं विकतात, त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही पण विमानात नेऊ नका, गंधक ज्वालाग्राही असतो. विकत न घेता पैसे द्या हवं तर.

त्या दिवशी पुढचा प्रवास ठेवू नका. थोडा घसा खवखवणं एखाद दिवस राहतं. पण खोकला वाढत गेला, श्वास लागायला लागला किंवा छाती जड वाटली, तर वायूचा त्रास काही तासांनी उशिराही सुरू होतो हे लक्षात घेऊन हॉटेलात झोपून राहू नका, बान्युवांगीतच हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना इजेनवर किती वेळ धुरात होतात ते सांगा. फेरीत बसून बालीला जाऊन बघू, असं नको.